सी भाषेची मॅथ लायब्ररी : जवळच्या उत्तराचे गणित

सी भाषेत बेरीज, वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार यांना चिन्हे आहेत. वर्गमूळ, साइन, लघुगणक यांना नाहीत. घाताचेही चिन्ह नाही. ही सगळी कामे मॅथ लायब्ररी या फंक्शन्सच्या संग्रहावर सोपवलेली आहेत. ‘मॅथ डॉट एच’ या हेडर फाइलमध्ये त्या फंक्शन्सची फक्त घोषणा असते: नाव काय, किती संख्या द्यायच्या, उत्तर कोणत्या प्रकारचे मिळणार. प्रत्यक्ष काम करणारा कोड वेगळ्या फाइलमध्ये असतो. युनिक्स घराण्यातल्या प्रणालींवर तिला ‘लिबएम’ म्हणतात आणि ती जोडण्यासाठी लिंकरला ‘-एलएम’ असे सांगावे लागते. हेडर घेतलेली असते, प्रोग्राम बिनचूक असतो, तरी वर्गमूळाचे फंक्शन सापडत नाही अशी तक्रार येते, ती या दोन फाइलींतला फरक ध्यानात न आल्यामुळे. उलट कधी ‘-एलएम’ न देताही दोनचे वर्गमूळ बिनबोभाट मिळते, कारण जीसीसीसारखा कंपायलर स्थिर संख्येवरचे फंक्शन कंपाइल करतानाच सोडवून टाकतो. त्या जागी चल आले की तक्रार परत येते.

महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सी शिकलेल्या एका मोठ्या पिढीची या लायब्ररीशी ओळख टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’सारख्या पुस्तकांतून झाली. भाषा शिकवणाऱ्या पहिल्या पुस्तकात फंक्शनचे नाव, त्याला काय द्यायचे आणि ते काय परत करते एवढेच येऊ शकते, आणि सुरुवातीला तेवढे पुरते. पुढचा टप्पा मात्र बहुतेकांच्या अभ्यासातून निसटतो. फंक्शनने दिलेले उत्तर कितपत खरे आहे, ते तसे का आहे आणि त्यावर किती भिस्त ठेवावी, हा तो टप्पा. प्रस्तुत पुस्तक तिथून सुरू होते.

या पुस्तकात गणितातल्या संकल्पनेला ‘फलन’ म्हटले आहे आणि सीमधल्या कोडला ‘फंक्शन’. दोन्ही गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. साइन हे फलन वास्तव संख्यांच्या अखंड रेषेवर परिभाषित आहे. साइन हे फंक्शन मात्र ६४ बिटांत मावणाऱ्या मोजक्या संख्यांपैकी एक घेते आणि त्यांच्यापैकीच एक परत करते. सीमधला ‘डबल’ हा प्रकार आज जवळपास सर्वत्र असा रचलेला असतो: एक बिट चिन्हासाठी, ११ बिट घातांकासाठी आणि ५२ बिट अपूर्णांकासाठी. अपूर्णांकापुढचा एक बिट गृहीत धरल्यामुळे अचूकता ५३ बिटांची, म्हणजे दशमान पद्धतीत साधारण १५ ते १६ सार्थक अंकांची मिळते. ‘फ्लोट’मध्ये हेच काम ३२ बिटांत होते आणि सुमारे सात अंक हाती लागतात. या संख्या रेषेवर सारख्या अंतराने पसरलेल्या नाहीत. शून्याजवळ त्या दाट आहेत आणि मोठ्या संख्यांकडे जावे तशा विरळ होतात, जणू एखाद्या पट्टीवरच्या खुणा दर दुपटीला दुप्पट अंतरावर जाव्यात. २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, ओलांडला की डबलमध्ये लागोपाठचे पूर्णांकही सगळे मावत नाहीत. दशमान पद्धतीत साधा दिसणारा ०.१ द्विमान पद्धतीत कधीच संपत नाही, म्हणून त्याच्या जागी त्याला सर्वांत जवळची खूण धरली जाते, आणि ती ०.१ पेक्षा किंचित मोठी असते.

यातून निघणारी एक गोष्ट या पुस्तकाचा कणा आहे, आणि ती एका उदाहरणाने स्पष्ट होते. पायचा साइन शून्य असतो, पण सीमध्ये साइन फंक्शनला पाय दिला की उत्तर येते सुमारे १.२२४६ भागिले १० चा १६ वा घात. नवशिक्याला ही लायब्ररीची चूक वाटते. प्रत्यक्षात फंक्शनला पाय मिळालेलाच नसतो. पाय अपरिमेय आहे, तो कोणत्याही डबलमध्ये मावत नाही, त्यामुळे फंक्शनला मिळते पायला सर्वांत जवळची डबल संख्या, आणि ती पायहून तेवढ्याच अंतराने लहान असते. पायच्या इतक्या जवळ साइनची किंमत त्या अंतराइतकीच येते. म्हणजे मिळालेल्या संख्येचा साइन फंक्शनने जवळजवळ शेवटच्या अंकापर्यंत बरोबर सांगितला. चांगल्या लायब्ररीतली बहुतांश ‘चुकीची’ उत्तरे अशीच निघतात. चूक फंक्शनच्या आत घडत नाही. संख्या आत जाण्यापूर्वी किंवा उत्तर बाहेर आल्यावर त्याचा वापर करताना घडते. या तीन जागा वेगळ्या ओळखता येणे हे सर्वांत उपयोगी कौशल्य आहे, आणि ते सूत्रे पाठ करून येत नाही.

फलनांच्या किमती काढण्याचे शास्त्र संगणकाहून फार जुने आहे. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस ३४३८ ही त्रिज्या धरून ‘ज्या’ची, म्हणजे साइनची, कोष्टके दिली, ती ३ अंश ४५ कलांच्या अंतराने, २४ किमतींची. केरळमधल्या संगमग्रामाच्या माधवाने चौदाव्या-पंधराव्या शतकांच्या सांध्यावर साइन, कोसाइन आणि आर्कटॅन यांच्या अनंत श्रेणी शोधल्या. युरोपात त्या सतराव्या शतकात स्वतंत्रपणे सापडल्या. १६१४ मध्ये नेपिअरची लघुगणकांची कोष्टके आली आणि पुढची तीन-साडेतीनशे वर्षे खगोलशास्त्र, नौकानयन आणि अभियांत्रिकी कोष्टकांच्या आधाराने चालली. एकोणिसाव्या शतकात बॅबेजने डिफरन्स एंजिन योजले तेही बिनचूक कोष्टके छापण्यासाठीच. आजच्या मॅथ लायब्ररीत या दोन्ही परंपरा, कोष्टक आणि श्रेणी, जिवंत आहेत, फक्त त्यांची घडण बदलली आहे.

माधवाची श्रेणी शून्याजवळ उत्तम चालते. शून्यापासून दूर गेले की पदे वाढतात आणि मोठ्या पदांच्या वजाबाकीत अंक हरवतात. म्हणून जवळपास प्रत्येक फंक्शन तीन पायऱ्यांत काम करते. आधी दिलेली संख्या एका छोट्या पट्ट्यात आणायची, मग त्या पट्ट्यात फलनाऐवजी एक बहुपदी वापरायची, आणि शेवटी मूळ संख्येचे उत्तर पुन्हा उभे करायचे. घातांकी फलनाचे उदाहरण घेता येईल. दिलेली संख्या २ च्या नैसर्गिक लघुगणकाच्या पूर्णांकी पटीत आणि उरलेल्या बाकीत फोडली, तर बाकी ०.३४७ पेक्षा मोठी राहत नाही. बाकीसाठी बहुपदी वापरायची आणि २ चा उरलेला घात थेट घातांकाच्या बिटांत मिळवून टाकायचा. मधल्या पायरीत श्रेणीची पहिली काही पदे जशीच्या तशी घेतली जात नाहीत. पूर्ण पट्ट्यात कमाल त्रुटी शक्य तेवढी लहान ठेवणारी बहुपदी शोधली जाते, आणि तिचा शोध घेण्याची रीत रेमेझ याने १९३४ मध्ये दिली. तयार कोडमधले सहगुणक टेलरच्या श्रेणीतल्या सहगुणकांशी शेवटच्या काही अंकांत जुळत नाहीत ते यामुळे. कोड वाचणाऱ्याला ती छपाईची चूक वाटते. ती चूक नाही.

खरी अवघड पायरी पहिली आहे. साइनसाठी संख्येतून पायच्या अर्ध्याची योग्य पट वजा करायची असते. संख्या लहान असेल तर कोडी आणि वेट यांची युक्ती पुरते: स्थिरांक दोन तुकड्यांत ठेवायचा, म्हणजे पहिली वजाबाकी अचूक होते आणि दुसऱ्या तुकड्याने उरलेली दुरुस्ती. पण संख्या १० च्या २२ व्या घाताएवढी असेल तर? तिथे शेजारच्या दोन डबल संख्यांमधले अंतरच २०,९७,१५२ असते, म्हणजे त्या दोहोंत साइनची लाखो आवर्तने मावतात. तरीही दिलेली संख्या नेमकी एकच असते आणि तिचा साइनही एकच, सुमारे वजा ०.८५२२. तो काढण्यासाठी पायचे शेकडो बिट लागतात, आणि त्यातले नेमके कोणते बिट हवेत हे ठरवण्याची रीत पेन आणि हॅनेक यांनी १९८३ मध्ये दाखवली. इंटेलच्या जुन्या एफसिन या आज्ञेत पाय ६६ बिटांपर्यंतच धरलेला होता, म्हणून पायच्या अगदी जवळच्या संख्यांसाठी तिचे उत्तर चार-पाच अंकांनंतर भरकटत असे. लायब्ररीतला सॉफ्टवेअर कोड प्रोसेसरच्या तयार आज्ञेपेक्षा अधिक अचूक असू शकतो, याचा हा ठसठशीत दाखला आहे.

गुणाकाराचे सर्किट महाग होते त्या काळात एक वेगळी वाट निघाली. जॅक व्होल्डर याने १९५९ मध्ये मांडलेल्या कॉर्डिक पद्धतीत फक्त बेरीज, सरकवणे आणि एक छोटे कोष्टक यांवर त्रिकोणमितीची फलने काढता येतात. १९७२ चा एचपी-३५ हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आणि इंटेलची ८०८७ ही चिप याच घराण्यातली. आज छोट्या हार्डवेअरमध्ये कॉर्डिक टिकून आहे. सीच्या लायब्ररीत मात्र बहुपदीचेच राज्य आहे.

१९८० च्या आधी या विषयात मोठा गोंधळ होता. आयबीएमचे मोठे संगणक सोळाच्या पायावर चालत, डेकच्या व्हॅक्सची रचना वेगळी, क्रेची त्याहून वेगळी. काही यंत्रांवर एखादी संख्या तुलनेत शून्य नसे, पण गुणाकारात शून्य ठरे. भागाकारापूर्वी केलेली शून्याची तपासणी अशा वेळी कुचकामी होई. एका यंत्रावर घासून-पुसून तयार केलेला कोड दुसऱ्यावर भलतीच उत्तरे देई. विल्यम कहान आणि त्यांचे सहकारी यांच्या आराखड्यातून १९८५ मध्ये आयईईई ७५४ हे मानक निघाले. त्याआधीच्या चर्चेचे बरेच पडसाद १९८० च्या ८०८७ मध्ये उमटलेले होते. कहान यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या मानकाने संख्यांची रचना ठरवली, अनंत आणि ‘संख्या नव्हे’ दर्शवणारा नॅन यांना स्थान दिले, आणि चार मूलभूत क्रिया व वर्गमूळ यांच्यावर एक कडक अट घातली: उत्तर असे हवे की जणू ते अनंत अचूकतेने काढले आणि मग एकदाच राउंड केले. साइन, घातांकी फलन, लघुगणक यांच्यावर मात्र ही अट घातली नाही. वर्गमूळाचे उत्तर कोणत्याही नीट यंत्रावर शेवटच्या बिटापर्यंत सारखे आणि साइनचे मात्र कदाचित वेगळे, हे त्यामुळे घडते.

अट का घातली नाही, याचे उत्तर कहान यांनी ‘कोष्टककाराचा पेच’ असे नाव दिलेल्या अडचणीत आहे. समजा, फलनाची खरी किंमत दोन शेजारच्या डबल संख्यांच्या नेमक्या मधोमध वाटावी इतकी मध्याजवळ पडली. मग ती कोणत्या बाजूला राउंड करायची हे ठरवायला आणखी अंक काढावे लागतात, आणि किती अंक काढल्यावर निर्णय होईल हे आधी सांगता येत नाही. लिंडेमानच्या १८८२ च्या प्रमेयामुळे एवढे पक्के असते की शून्याखेरीज कोणत्याही डबल संख्येसाठी घातांकी फलनाची किंमत अगदी मध्यावर कधीच पडत नाही. म्हणजे निर्णय कधीतरी होणार, पण केव्हा, हे प्रमेय सांगत नाही. लेफेव्र आणि म्युलर यांनी यंत्राच्या साहाय्याने प्रचंड शोध घेऊन सर्वांत वाईट प्रसंग शोधून काढले. बहुतेक फलनांसाठी ५३ बिटांच्या दुपटीहून थोडी अधिक अचूकता पुरते, असे त्यातून दिसले, आणि एक धूसर भीती मोजता येण्याजोगी झाली. या विषयातले हे फार सुंदर काम आहे.

अचूकतेचे माप म्हणून अल्प हे एकक वापरतात: शेवटच्या जागेवरच्या अंकाची किंमत, म्हणजे त्या ठिकाणी शेजारच्या दोन संख्यांमधले अंतर. पूर्णपणे बरोबर राउंड केलेल्या उत्तरात त्रुटी अर्ध्या अल्पहून अधिक नसते. या मापाच्या आधारे लायब्ऱ्यांची घराणी ओळखता येतात. कोडी आणि वेट यांच्या १९८० च्या पुस्तकाने कोणत्याही यंत्रावर बसवता येईल अशा पाककृती आणि चाचण्या दिल्या. बर्कलीत ४.३ बीएसडीसाठी नवी लायब्ररी लिहिली गेली. सन कंपनीत के. सी. एन्ग आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मुक्तपणे वाटता येणारी एफडीलिबएम प्रसिद्ध केली; त्रुटी एक अल्पच्या आत ठेवणे हे तिचे उद्दिष्ट. फ्रीबीएसडी आणि मसल यांच्या लायब्ऱ्या तिच्याच वंशातल्या आहेत आणि जावाच्या स्ट्रिक्टमॅथचा पायाही तीच आहे. तिच्या कोडमधल्या टिपा आजही या विषयाचे उत्तम पाठ्यपुस्तक आहेत.

आयबीएममध्ये गॅल आणि झिव यांनी दुसरी वाट धरली. अचूक कोष्टक आणि लहान बहुपदी यांनी झटपट उत्तर काढायचे, निर्णय होत नसेल तर अधिक अचूकतेने पुन्हा काढायचे, तरीही नसेल तर आणखी. हा कोड ग्लिबसी या जीएनयूच्या सी लायब्ररीमध्ये आला आणि सरासरीत वेगवान ठरला, पण क्वचित एखादी संख्या त्याला ७६८ बिटांच्या मंद वाटेवर नेई आणि तिथे नेहमीपेक्षा कित्येक पटींनी अधिक वेळ जाई. प्रत्येक उत्तर ठरावीक वेळेत हवे असणाऱ्यांना हे परवडत नव्हते. २०१८ च्या ग्लिबसी २.२८ मध्ये साइन, कोसाइन, घातांकी फलन, लघुगणक आणि घात यांतल्या मंद वाटा काढून टाकल्या गेल्या, आणि त्रुटी अर्ध्या अल्पच्या किंचित वर राहील पण वेळ भरवशाचा मिळेल असा तह स्वीकारला गेला. फ्रान्समधल्या लिऑनच्या गटाने सीआरलिबएममध्ये या तहाला नकार दिला: सर्वांत वाईट प्रसंग माहीत असतील तर दुसरी पायरीच शेवटची असते आणि बरोबर राउंडिंगही परवडते. एमपीएफआर ही फ्रान्समध्येच विकसित झालेली लायब्ररी हवी तेवढी अचूकता देते आणि बाकी सगळ्यांची परीक्षा घेण्यासाठी वापरली जाते. अलीकडे अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या आरलिबएमने आणि झिमरमन व सहकाऱ्यांच्या कोअर-मॅथ प्रकल्पाने दाखवले आहे की बरोबर राउंड करणारी फंक्शन्स नेहमीच्या लायब्ररीच्या तोडीची वेगवानही असू शकतात. फ्लोटसाठी तर सगळ्या, म्हणजे सुमारे ४२९ कोटी, निविष्ट संख्या एकेक करून तपासता येतात. डबलसाठी ते अशक्य आहे, आणि म्हणून तिथे सिद्धतेला पर्याय नाही.

तिसरे घराणे वेगाचे. इंटेलची एसव्हीएमएल, ग्लिबसीसोबतची लिबएमव्हेक, स्लीफ आणि ग्राफिक्स प्रोसेसरांच्या लायब्ऱ्या एकाच आज्ञेत अनेक संख्यांची फलने काढतात आणि त्याबदली दोन-चार अल्पची सूट मागतात. ही सूट लेखी सांगितलेली असेल तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते ‘-एफफास्ट-मॅथ’सारखा कंपायलरचा पर्याय न वाचता लावणे, कारण त्याने नॅन आणि अनंत अस्तित्वातच नाहीत असे कंपायलर धरून चालतो आणि कोडमधल्या नॅनच्या तपासण्या निमूट गळून पडतात.

या सगळ्याच्या बाजूने सीचे स्वतःचे मानक वाढत गेले. १९७८ च्या कर्निगन आणि रिची यांच्या पुस्तकातल्या सीमध्ये फ्लोट संख्या पदावलीत आली की तिचे डबल होई. १९८९ च्या मानकात मॅथ डॉट एचमध्ये २२ फंक्शन्स होती, सगळी डबलसाठी. १९९९ च्या मानकाने चित्र पालटले. प्रत्येक फंक्शनला ‘एफ’ आणि ‘एल’ प्रत्यय लावून फ्लोट आणि लाँग डबलसाठीची रूपे आली, घनमूळ, हायपॉट, एर्फ, गॅमा, एफएमए आणि राउंडिंगची अनेक फंक्शन्स आली, राउंडिंगची दिशा व पाच प्रकारचे इशारे हाताळणारी एफईएनव्ही डॉट एच आली, आणि प्रकारानुसार योग्य रूप निवडणारी टीजीमॅथ डॉट एचही आली. सी२३ ने पायच्या पटीत कोन घेणारी साइनपाय, कोसपाय यांसारखी फंक्शन्स आणली आणि बरोबर राउंड केलेल्या रूपांसाठी ‘सीआर’ हा उपसर्ग पुढच्या काळासाठी राखून ठेवला. एक गंमत अशी की पायचा स्थिरांक ‘एम-पाय’ अजूनही सीच्या मानकात नाही. तो पोझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या मानकाचा आहे, म्हणून कडक मानक मागितले की काही कंपायलरांवर तो अचानक नाहीसा होतो.

फंक्शनला अशक्य काम सांगितले की काय होते, हा स्वतंत्र भाग आहे. वजा एकचे वर्गमूळ मागितले तर नॅन मिळतो, शून्याचा लघुगणक मागितला तर वजा अनंत. सोबत ‘एरनो’ या चलात ईडॉम किंवा ईरेंज अशी नोंद होऊ शकते, इशाऱ्याचा बिट वर होऊ शकतो, किंवा दोन्ही. नेमके काय, हे ‘मॅथ-एरहँडलिंग’ सांगते. नॅन स्वतःशीही समान नसतो. तो बेरीज-गुणाकारांतून पसरत जातो आणि शेवटच्या उत्तरात दिसतो, आणि त्याचे हे वागणे वापरणाऱ्याच्या भल्याचेच आहे. अपवाद मोजके: एकचा नॅनवा घात १ येतो आणि नॅनचा शून्यावा घातही १. वजा शून्यालाही अर्थ आहे, कारण एटॅन-टू त्याच्या चिन्हावरून कोन अधिक पाय की वजा पाय हे ठरवते.

वापरातल्या खाचा मात्र याहून साध्या जागी असतात आणि पुस्तकाचा मोठा भाग त्यांनी व्यापला आहे. अंशातला कोन साइनला तसाच देणे ही पहिली. डबलला ‘फॅब्स’ऐवजी ‘अॅब्स’ लावणे ही दुसरी. सीमध्ये ते पूर्णांकांचे फंक्शन आहे आणि अपूर्णांक गिळून टाकते. घाताच्या फंक्शनचे उत्तर थेट पूर्णांकात टाकणे ही तिसरी: काही जुन्या विंडोज कंपायलरांवर १० चा वर्ग असा काढला की ९९ मिळे, कारण उत्तर १०० हून केसभर कमी येई आणि पूर्णांक करताना अपूर्णांक छाटला जाई. संख्येत ०.५ मिळवून फ्लोअर लावणे ही राउंडिंगची लोकप्रिय रीतही फसवी आहे. ०.४९९९९९९९९९९९९९९९४ या डबलमध्ये ०.५ मिळवले की बेरीजच राउंड होऊन १ बनते. त्यासाठी राउंड, आरइंट आणि ट्रंक ही फंक्शन्स आहेत, आणि त्यांच्यातले फरक शिकण्यासारखे आहेत.

अधिक खोल खाच दुरुस्त करणारी काही फंक्शन्स विद्यार्थ्यांना बहुधा भेटतच नाहीत. वार्षिक ७ टक्के व्याज दर सेकंदाला चक्रवाढ होते असे मानू. एका सेकंदाचा दर सुमारे २.२ भागिले १० चा ९ वा घात येतो. तो १ मध्ये मिळवला की डबलच्या अंकांपैकी निम्म्याहून अधिक अंक १ च्या पोटात जातात आणि दराचे जेमतेम सात-आठ अंक उरतात. वर्षाचे ३,१५,३६,००० सेकंद घात म्हणून चढवले की ही हानी वाढत जाते. एक कोटी रुपयांवर वर्षअखेरीस तीन-चार पैशांपर्यंत, हजार कोटींवर तीस-चाळीस रुपयांपर्यंत चूक पडू शकते. घाताच्या फंक्शनची इथे काहीही चूक नसते. त्याला मिळालेला दरच झिजलेला असतो. लॉग-वन-पी हे फंक्शन १ मध्ये दर न मिळवताच त्या बेरजेचा लघुगणक देते, त्याला सेकंदांनी गुणून घातांकी फलन घेतले की हानी टळते. एक्स्प-एम-वन त्याचे उलटे काम करते. हायपॉट त्याच जातीचे: १० च्या २०० व्या घाताएवढ्या बाजूंचा कर्ण काढताना वर्ग करताच ओव्हरफ्लो होतो, पण कर्ण स्वतः डबलमध्ये सहज मावतो, आणि हायपॉट तो देते. एफएमए गुणाकार आणि बेरीज मिळून एकदाच राउंडिंग करते आणि अनेक अचूक युक्त्यांचा पाया आहे.

संख्यांच्या चुकांनी घडलेल्या दुर्घटना या विषयाच्या पुस्तकांत हमखास सांगितल्या जातात, पण त्यात निवड हवी. १९९१ मध्ये धाहरान येथे पॅट्रियट यंत्रणा क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. तिथली चूक ०.१ सेकंदाच्या छाटलेल्या द्विमान रूपाची होती, पण ते रूप फिक्स्ड-पॉइंट होते. १९९६ मध्ये एरियन ५ चे पहिले उड्डाण कोसळले ते ६४ बिटांची फ्लोटिंग-पॉइंट संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात न मावल्यामुळे. १९९४ चा पेंटियमचा दोष भागाकाराच्या सर्किटमधला. यातली एकही घटना मॅथ लायब्ररीची नाही. त्यांच्यावरून लायब्ररीबद्दल भीती निर्माण करणे अन्यायाचे आहे. रूपांतर आणि प्रतिरूपण यांच्याकडे लक्ष वेधण्यासाठी मात्र त्या अगदी योग्य आहेत.

हा विषय आज नव्याने तातडीचा झाला आहे. भाषा-प्रारूपांच्या आतला सॉफ्टमॅक्स घातांकी फलनावर चालतो, जेलू हे सक्रियण एर्फ किंवा टॅनएचवर. आणि ही गणिते आता अनेकदा १६ बिटांच्या बीफ्लोट१६मध्ये केली जातात, जिथे सार्थक अंक दोन-तीनच उरतात. दुसरी निकड पुनरुत्पादनाची. हवामानाच्या प्रारूपात शेवटच्या बिटाचा फरक काही दिवसांच्या अंदाजात वाढत जातो, म्हणून लायब्ररीची आवृत्ती बदलली की पूर्वीचे निकाल बिटाबिटाने जुळत नाहीत. सर्नच्या एलएचसी ॲट होम या प्रकल्पात जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांवर तीच गणिते चालवून उत्तरे ताडून पाहायची होती. प्रत्येक यंत्रावर तोच बिट मिळावा म्हणून तिथे सीआरलिबएम वापरली गेली. नारायणगावाजवळच्या खोडद येथील जीएमआरटीच्या ३० ॲन्टेनांचे संकेत एकत्र आणताना कला-दुरुस्तीसाठी साइन-कोसाइन अखंड लागतात. पायथन, आर, जावास्क्रिप्ट यांची गणिती फंक्शन्सही शेवटी अनेकदा सीच्या लायब्ररीपर्यंत किंवा तिच्या वंशजांपर्यंत पोहोचतात. त्यामुळे सी न लिहिणाऱ्यालाही हे ज्ञान लागते.

पुस्तकाची मांडणी या समजुतीवर उभी आहे. सुरुवात संख्यांच्या प्रतिरूपणापासून होते, कारण त्याशिवाय फंक्शनच्या उत्तराला माप लावता येत नाही. मग फंक्शन्स कुटुंबांनुसार येतात आणि प्रत्येक कुटुंबात तेच तीन प्रश्न विचारले जातात: संख्या आत जाताना काय हरवले, फंक्शनने स्वतः किती हरवले, आणि उत्तर वापरताना काय हरवू शकते. एफडीलिबएमच्या धर्तीवर एक साइन आणि एक घातांकी फंक्शन वाचकाकडून पहिल्यापासून लिहून घेतले आहे आणि एमपीएफआरच्या उत्तरांशी ताडून पाहिले आहे. ते रोजच्या कामात वापरावे असे नव्हे. तयार लायब्ररीचा कोड वाचता यावा, हा हेतू आहे.

वाचकाला सीचे चल, लूप आणि फंक्शन यांची ओळख आणि बारावीपर्यंतचे गणित एवढे यायला हवे. संख्यात्मक विश्लेषणाचा पूर्वाभ्यास गृहीत धरलेला नाही. संमिश्र संख्यांची ‘कॉम्प्लेक्स डॉट एच’मधली फंक्शन्स आणि दशमान फ्लोटिंग-पॉइंट हे भाग पुस्तकाबाहेर ठेवले आहेत, कारण त्यांना न्याय द्यायचा तर दुसरे पुस्तक लागेल. प्रोग्राम लिनक्सवर जीसीसी आणि क्लँग या दोन्ही कंपायलरांनी, ‘-एफफास्ट-मॅथ’ न लावता तपासले आहेत. उत्तरे दशमान रूपासोबत ‘%ए’ या सोळाच्या पायावरच्या रूपातही छापली आहेत, म्हणजे वाचकाच्या यंत्रावरचे उत्तर वेगळे आले तर फरक नेमका कोणत्या बिटात आहे हे त्याला पाहता येईल.